कोर्टात मराठी कुठपर्यंत चालते, आणि तिथे कवितेचे काय काम?

प्रश्न : आमची पुतणी मराठी विषय घेऊन बी.ए. झाली. आता एलएलबी करते म्हणते, आणि त्यापुढे ‘भाषिक हक्क’ आणि ‘कायदा व साहित्य यांचा संबंध’ या विषयाचा अभ्यास करणार म्हणते. घरात कोणालाच उलगडा होईना. कायदा कुठे आणि कथा-कविता कुठे? दुसरे असे, की आमच्या शेताच्या बांधाचा दावा खाली मराठीत चालला. वर औरंगाबाद खंडपीठात अपील गेले तर सगळे कागद इंग्रजीत. मराठी राजभाषा आहे, आता तर अभिजातही झाली. मग आमच्याच दाव्यात आमची भाषा का चालू नये?
ता. क. : घरात आजोबांच्या वेळचे उर्दू कागद आहेत. कोणालाच वाचता येत नाहीत. ठेवावेत की रद्दीत घालावेत?
— एक वाचक, गोरेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न आहेत असे तुम्हाला वाटते. मला तो एकच प्रश्न दिसतो, आणि पुतणीने त्याला बरोबर नाव दिले आहे. ती जो विषय शिकू पाहते आहे, तोच तुम्ही दाव्याच्या निमित्ताने, वकिलाची फी भरून आणि तारखा घेत घेत शिकत आहात. फरक इतकाच, की तिला शेवटी पदवी मिळेल.

आधी राजभाषेचा गुंता सोडवू. ‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४’ या कायद्याने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. म्हणजे तहसीलदाराची नोटीस, ग्रामपंचायतीचा ठराव, मंत्रालयातला शासन निर्णय मराठीत. हा कायदा कारभारापुरता आहे. कोर्टाच्या भाषेचा निर्णय त्यातून होत नाही, तो दुसरीकडे होतो. ‘अभिजात’ हा दर्जा केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला दिला. त्यातून भाषेच्या प्राचीनतेला मान्यता मिळते, संशोधनाला आणि अभ्यासकेंद्रांना बळ मिळते. मिरवणूक काढण्याजोगी गोष्ट आहे, काढलीही गेली. पण तुमच्या अपिलावर तिचा काडीचाही परिणाम नाही. जाता जाता आणखी एक गैरसमज काढून टाकतो. हिंदी ही आपली राष्ट्रभाषा आहे असे राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. कलम ३४३ प्रमाणे ती संघराज्याची राजभाषा आहे, इतकेच.

आता कोर्ट. खालच्या दिवाणी न्यायालयांची भाषा कोणती, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ प्रमाणे राज्य सरकार ठरवते. आपल्याकडे १९९८ साली अधिसूचना निघाली आणि जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. पुढे २००५ साली उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून निम्मे तरी निकाल मराठीत लिहावेत असे न्यायाधीशांना सांगितले. म्हणून तुमचा जबाब, उलटतपासणी, बांधाच्या चतु:सीमा हे सगळे तुम्हाला कळेल अशा भाषेत झाले. त्याच कलम १३७ मध्ये एक बारीक तरतूद आहे, ती मात्र फार थोड्या पक्षकारांना माहीत असते. साक्षीपुरावा सोडून बाकीचे लिखाण इंग्रजीत करण्याची मुभा आहे. पण पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलाला इंग्रजी येत नसेल आणि त्याने मागणी केली, तर त्याला कोर्टाच्या भाषेत भाषांतर द्यावे लागते. मागणी केली तर, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे मागायला लोक संकोचतात. साहेबाला राग येईल असे वाटते.

जिल्हा न्यायालयाची पायरी चढून वर गेलात की घटनेचे कलम ३४८ लागू होते. सर्वोच्च न्यायालयाचे आणि सगळ्या उच्च न्यायालयांचे कामकाज, संसदेने दुसरी तरतूद करेपर्यंत, इंग्रजीत चालेल असे ते कलम सांगते. घटना समितीत भाषेवर फार कडाक्याचे वाद झाले आणि सप्टेंबर १९४९ मध्ये जी तडजोड झाली तिच्यात ही तरतूद आली. कारण व्यावहारिक होते. मद्रासचा न्यायाधीश उद्या मुंबईला बदलून येऊ शकतो, आणि कलकत्त्याचा निकाल औरंगाबादेत आधाराला घेतला जातो. सगळ्यांना वाचता येईल अशी एकच कायद्याची भाषा तेव्हा हाताशी होती, ती इंग्रजी. शिवाय तुमचे दुसरे अपील आहे हेही पाहा. तिथे साक्षीदार उभे राहत नाहीत, बांध कुठे होता याची फेरचौकशी सहसा होत नाही. महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तेवढाच ऐकतात. त्यामुळे तुमचा माणूस बोलतच नाही, वकीलच वकिलाशी बोलतो. आपला दावा आपल्यापासून लांब गेला असे तुम्हाला वाटले त्याचे अर्धे कारण हे आहे, अर्धे इंग्रजी.

हा दरवाजा कायमचा बंद आहे का? नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो, की राज्यपाल राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची राजभाषा वापरायला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांनी १९५० ते १९७२ या काळात ती मिळवली, हिंदीसाठी. नंतर तमिळनाडू, गुजरात, कर्नाटक, पश्चिम बंगाल, छत्तीसगड यांनी मागितली. केंद्राने सर्वोच्च न्यायालयाचे मत विचारले, आणि २०१२ साली तिथून नकार आला. अलीकडे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या निवडक निकालांची मराठी भाषांतरे संकेतस्थळांवर मिळू लागली आहेत. ती वाचायला उपयोगी आहेत. पण भाषांतरात आणि मूळ निकालात फरक निघाला तर इंग्रजीच खरे धरले जाते.

इथवरचे उत्तर कोणताही वकील देईल. पुतणीचा विषय यापुढे सुरू होतो, आणि तो समजावा म्हणून नागपूरचा एक खटला सांगतो.

हरिकिसन नावाच्या गृहस्थांना नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली अडकवले. का अडकवले याची कारणे घटनेच्या कलम २२ प्रमाणे द्यावीच लागतात, म्हणजे माणसाला त्याविरुद्ध बाजू मांडता येते. कारणे दिली गेली, इंग्रजीत. हरिकिसन म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकारचे उत्तर असे, की कारभाराची भाषा इंग्रजी आहे, तेव्हा तुम्हाला हिंदीत द्यायला आम्ही बांधलेलो नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ साली निकाल लागला आणि हरिकिसन सुटले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की कारणे ‘कळवायची’ म्हणजे कागद हातात ठेवायचा एवढेच नव्हे. ज्याला कळवायचे त्याला ती समजतील अशा भाषेत ती गेली पाहिजेत. १९८१ साली लल्लूभाई पटेल यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. त्यांना इंग्रजी कारणे गुजरातीत तोंडी समजावून सांगितली होती म्हणे. तेवढ्याने भागत नाही, लेखी भाषांतर हवे, असे न्यायालयाने ठरवले.

आता या दोन निकालांत काय नाही ते बघा. हिंदी मोठी की इंग्रजी, गुजराती जुनी की मराठी, कोणाची लोकसंख्या किती, यातले काहीही न्यायालयाने विचारले नाही. प्रश्न एकच विचारला : या माणसाला समजले का? तुम्ही पत्रात ‘आमची भाषा का चालू नये’ असे विचारता तेव्हा तुमच्या मनात मराठीचा मान आहे. तो असावाच. पण कायद्याच्या दृष्टीने भाषेचा हक्क भाषेला मिळत नाही, तो बोलणाऱ्या माणसाला मिळतो. ही गोष्ट एकदा पक्की धरली की पुढची बरीच भांडणे आपोआप सोपी होतात, आणि काही अवघडही होतात.

फौजदारी खटल्यातही हेच सूत्र आहे. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर कोर्टात सांगावी लागते. शिक्षा झाली तर निकालाची प्रत फुकट द्यावी लागते. या तरतुदी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होत्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. मोकळेपणाने सांगायचे तर जमिनीच्या दाव्यात या हक्काची धार इतकी तीक्ष्ण नाही. तिथे माणूस तुरुंगात जात नाही, फक्त शेत जाते. हा भेद बरोबर आहे की नाही, यावर पुतणीने प्रबंध लिहावा.

काही भांडणे अवघड होतात म्हणालो, त्याचे उदाहरण तुमच्यापासून लांब नाही. वाशीम ओलांडून अकोल्याच्या रस्त्याला लागलात की पातूर लागते. तिथल्या नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर वर मराठी आणि खाली उर्दू अशी पाटी होती. उर्दू काढा, कारण कायद्याने मराठीच हवी, अशी तक्रार झाली. आधार दाखवला तो २०२२ च्या ‘महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमा’चा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि मग १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मराठी असलीच पाहिजे हे खरे, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा नको असे हा कायदा कुठेच म्हणत नाही. गावात उर्दू वाचणारे लोक आहेत, त्यांना पाटी वाचता यावी, बस. भाषा धर्माची नसते, त्या मुलखातल्या लोकांची असते, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी निकालपत्रात उर्दू कवितेतल्या ओळीही घेतल्या आहेत. कोर्टात कवितेचे काय काम, या तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आपसूक मिळते.

पातूरच्या पाटीवर ज्यांना राग येतो त्यांना मी बेळगावचे विचारतो. तिथे मराठी माणूस सरकारी कागद मराठीत मागतो तेव्हा तो कशाच्या बळावर मागतो? जिथे एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, अशी भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राची मान्य योजना आहे; त्यासाठी कलम ३५० ब खाली एक विशेष अधिकारीही नेमलेला असतो. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, तो लागेल तेव्हा लागेल. तोवर बेळगावच्या माणसाची मागणी याच तत्त्वावर उभी आहे. ज्या काठीचा आधार तिथे घ्यायचा ती इथे मोडून चालत नाही. गोव्याने १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीला राजभाषा करून मराठीच्या वापराला जागा ठेवली, हा याच पेचाचा तिसरा तोडगा.

आणि घराजवळ पाहायचे तर सेनगाव-हिंगोलीकडच्या बंजारा तांड्यांवर पाहा. पोर घरी गोरमाटी बोलते आणि सहाव्या वर्षी शाळेत मराठी ऐकते. आपण समजतो, की मराठी म्हणजे सगळ्यांची मायबोली. कलम ३५० अ म्हणते, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून राज्याने सोय करावी. गोरमाटी आठव्या अनुसूचीत नाही, तिला स्वत:ची लिपी नाही, आणि जनगणनेत लमाणी-बंजारी बोलणारे हिंदीच्या खात्यात धरले जातात. मग तिला भाषा म्हणायचे का? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात सांगून ठेवले आहे, की भाषिक अल्पसंख्य ठरायला वेगळी बोली पुरते, वेगळी लिपी लागत नाही. कलम ३५० तर याहून उदार आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे करता येतो. तांड्यावरच्या म्हातारीने देवनागरीत गोरमाटी अर्ज दिला तर तो घ्यायला हवा. घेणारा कारकून काय तोंड करील ते मला दिसते आहे, पण तो अर्ज त्याने नाकारू नये.

आता तुमच्या आजोबांच्या काळाकडे वळू, कारण हा सगळा प्रश्न तुमच्या भागाने एकदा उलट्या बाजूने भोगलेला आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी बोलणारे चौथा हिस्सा, आणि उर्दू मातृभाषा असलेले साधारण दहावा हिस्सा. पण कोर्ट, महसूल, पोलीस सगळे उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. भारतीय भाषेतून सगळे उच्च शिक्षण देण्याचा देशातला तो पहिला मोठा प्रयोग. कायद्यापासून वैद्यकापर्यंतची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ नावाचे भाषांतर खातेच उघडले गेले. इंग्रजीला हटवून देशी भाषेत ज्ञान आणल्याचा त्या लोकांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. पण परभणी-हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? त्याच्या जमिनीचा निकाल आधी एका न कळणाऱ्या भाषेत येत होता, आता दुसऱ्या. देशी भाषा आली म्हणून माणसाला आपोआप समजायला लागत नाही. ती त्याची असावी लागते.

त्या काळात कायद्याने भाषेचा हक्क मागायची सोयच नव्हती. सभा घ्यायची तर ‘गश्ती नं. ५३’ या निजामी परिपत्रकाखाली परवानगी काढावी लागे. अशा वेळी लोकांनी साहित्याची वाट धरली. १९३७ साली हैदराबादेत मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. तीच पुढची मराठवाडा साहित्य परिषद. वाचनालये, गणेशोत्सवातली व्याख्याने, खासगी मराठी शाळा यांच्या आडून जे काम झाले ते भाषिक हक्काचेच होते. मराठवाड्यात साहित्य आणि कायदा यांची गाठ ही अशी जुनी आहे. प्राध्यापकांनी ती नंतर अभ्यासक्रमात घातली.

अमेरिकेत बेंजामिन कार्डोझो या न्यायाधीशाने १९२५ साली ‘कायदा आणि साहित्य’ याच नावाचा निबंध लिहिला, आणि १९७३ साली जेम्स बॉइड व्हाइट यांच्या पुस्तकानंतर तिथल्या विद्यापीठांत ही रीतसर अभ्यासाची शाखा झाली. तिच्यात दोन गोष्टी येतात. साहित्यात कायदा कसा दिसतो ही एक. कायद्याचा मजकूर, साक्ष, निकालपत्र हे साहित्यासारखे कसे वाचावे ही दुसरी. पण पुतणीला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, लातूर पुरेसे आहे.

लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्या कायद्याने काही जमातींत जन्माला येणे हाच गुन्हा ठरवला : हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. कायद्याच्या पुस्तकात इतिहास इथे संपतो. गायकवाड जन्मले त्याच सुमारास. म्हणजे कागदावर ते पहिल्या मोकळ्या पिढीचे. पण ‘उचल्या’ उघडून बघा. रात्री-अपरात्रीची झडती, मार, हप्ते, गावाचा संशय सगळे चालूच आहे. रद्द झालेला कायदा पोलिसाच्या आणि पाटलाच्या डोक्यातून रद्द व्हायला किती वर्षे लागतात, ते कुठल्याही राजपत्रात सापडत नाही. न्यायाधीशासमोर त्या माणसांची साक्ष कधी धड झालीच नाही. झाली ती आत्मकथनात. वकील होणाऱ्या मुलीने ते वाचलेले असणे मला तरी कलमे पाठ असण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

उलटे उदाहरणही लातूरचेच. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका अंकात छापली गेली. गांधीजींच्या तोंडी अश्लील भाषा घातली अशी तक्रार झाली आणि लातूरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. लातूरहून औरंगाबाद, औरंगाबादहून दिल्ली असा तुमच्या बांधासारखाच प्रवास करून वीस वर्षांनी, मे २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. छापणाऱ्यांनी आधीच माफी मागितली होती, म्हणून त्यांना मोकळे केले. कवीने मात्र आपली बाजू खटल्यात मांडावी असे सांगितले. कवीला मिळणारी मोकळीक किती, आणि थोर ऐतिहासिक व्यक्ती कवितेत आली तर ती कमी होते का, याची त्या निकालात लांबलचक चर्चा आहे. निकाल मला पटलेला नाही. आदर किती आहे यावरून अश्लीलतेचे माप बदलायचे, तर उद्या कोण आदरणीय याची यादी कोणी करायची? पण एक मान्य करायला हवे, की त्या खटल्यात न्यायमूर्तींना टीकाकाराचे काम करावे लागले, आणि मराठी कविता कशी वाचावी हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसला. त्याआधी १९६९ साली चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरून असाच प्रश्न तिथे गेला होता. तेव्हा लेखक सुटला.

आणि कायद्याचा ग्रंथ साहित्याच्या अभ्यासकाने कसा वाचावा, याचा नमुना तर तुमच्याच जिल्ह्यातला. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नाव ज्यांच्या आडनावात आहे ते नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठी शिकवत. त्यांनी मनुस्मृतीवर व्याख्याने दिली, त्यांचे पुस्तक झाले. एका जुन्या कायद्याच्या ग्रंथाला आरती न ओवाळता, ओळीमागची समाजव्यवस्था उकलत तो कसा वाचायचा, हे त्यात दिसते. हैदराबादच्या प्रश्नावरही त्यांनी तितकेच बारकाईने लिहिले. वकिलीची सनद नसलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने कायद्याची चिकित्सा करणे तेव्हा कोणाला विचित्र वाटले नाही. तुमच्या पुतणीचे आता का वाटावे?

व्यवहाराचे सांगतो. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीची ‘क्लॅट’ मात्र इंग्रजीतच असते. नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला विधी महाविद्यालये आहेत. छत्रपती संभाजीनगरला २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. पहिली काही वर्षे तिला कायदाच शिकावा लागेल, साहित्य आपले आपण वाचावे लागेल. भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ हाताशी असू द्यावा. मराठीच्या पदवीधराला कोर्टात किंमत नाही असे कोणी घरी म्हणत असेल, तर त्याला सांगा, की मराठीत सरळ, नेमका दावा लिहिणारा आणि इंग्रजी निकाल पक्षकाराला धड समजावून सांगणारा वकील तालुक्याच्या कोर्टात शोधून सापडत नाही. इंग्रजी तिला पक्के करावेच लागेल. त्यात सूट नाही.

राहिला ता. क. उर्दू कागद अजिबात टाकू नका. त्यांवरचे साल फसली असेल. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. महिने दय, बहमन, खुर्दाद असे दिसले तर बिचकू नका, ते निजामी कालगणनेतले आहेत. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज जिथे असायला हवा त्याच घरातून निघाला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरे धरण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने न्यायालयाला दिली आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा असल्याच उर्दू आणि मोडी कागदांचे गठ्ठे सोडावे लागले, आणि ते वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली.

म्हणून असे करा. कागदांना प्लॅस्टिक चिकटवू नका, म्हणजे लॅमिनेशन करू नका. शाई आणि शिक्का त्याने कायमचा बिघडतो. फोटो काढून ठेवा. १९५४-५५ च्या खासरा पत्रकाची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागा; तिच्यातला सर्व्हे नंबर आणि घरच्या कागदावरचा नंबर जुळतो का ते पाहा. मग जुने दफ्तर वाचणाऱ्या जाणकाराकडून लेखी भाषांतर करून, त्यावर त्याची सही घेऊन, ते मूळ कागदासोबत वकिलाकडे द्या. तोंडी ‘असे असे लिहिले आहे’ यावर समाधान मानू नका. आणि बांधाच्या अपिलात या कागदांचा उपयोग होईल का, हे वकिलाला विचाराल तेव्हा पुतणीला बरोबर न्या. तिलाही कळू द्या की दुसऱ्या अपिलात नवा कागद दाखल करायला वेगळी परवानगी लागते आणि ती सहजासहजी मिळत नाही.